टी पार्टीत चहा मिळतो का? आणि लोक सारखे विचारतात ते बाकीचे प्रश्न

अमेरिकेतल्या टी पार्टी चळवळीबद्दल (सरकारी खर्च आणि टॅक्स कमी करा म्हणणारी, २००९ ला सुरू झालेली उजवी चळवळ) लोक तेच तेच प्रश्न विचारत असतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. ज्यांना माहिती हवीये त्यांनी वाचा, ज्यांना राग येणारे त्यांनी पण वाचा, कारण रागवायला आधी वाचावं लागतं (ही अट या चळवळीत कधीच नव्हती हा भाग वेगळा).

चहा मिळेल का?

नाही.

अहो पण नाव टी पार्टी आहे ना?

हो, आणि तरी चहा नाही. चहाच्या पिशव्या खूप दिसतील, पण त्या टोपीला लटकवलेल्या असतात, कपात नाही. पाणी कोणी उकळत नाही, गरम फक्त डोकी असतात.

नाव घेतलंय १७७३ सालच्या बॉस्टनच्या प्रकरणावरून. १६ डिसेंबरच्या रात्री काही मंडळी मोहॉक इंडियन लोकांसारखी सोंगं घेऊन बंदरात उभ्या असलेल्या ३ जहाजांवर चढली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात ओतल्या. एकाने गुपचूप कोटाच्या अस्तरात चहा कोंबला तर त्याला बाकीच्यांनीच पकडून चोपला, म्हणजे तत्त्वाचे पक्के होते लोक. तेव्हा त्याला टी पार्टी वगैरे कोणी म्हणत नव्हतं, 'चहाची नासाडी' असंच म्हणायचे, हे पार्टीचं नाव पडायला पुढे पन्नासेक वर्षं गेली.

आणि ते चहावरचा टॅक्स वाढवला म्हणून, बरोबर?

इथेच गंमत आहे. टॅक्स होता, पौंडामागे ३ पेन्स, पण तो आधीपासूनच होता. १७७३ च्या कायद्याने तो वाढवला नाही, उलट कंपनीला इंग्लंडमध्ये जो कर भरावा लागायचा त्यात सूट दिली आणि माल थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली, त्यामुळे चहा स्वस्त होणार होता. इतका स्वस्त की चोरून आणलेल्या डच चहाचा धंदा बसला असता, आणि बॉस्टनमध्ये तो धंदा करणारे बरेच बडे लोक होते. लोकांचा राग दोन गोष्टींवर होता, एक म्हणजे पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नसताना तुम्ही आमच्यावर टॅक्स लावताच कसा, आणि दुसरं म्हणजे बुडायला आलेल्या एका भल्यामोठ्या कंपनीला सरकारने आमच्या जिवावर सवलत का द्यावी. हे दोन्ही मुद्दे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

म्हणजे टॅक्स कमी झाल्यावर दंगा झाला?

ढोबळमानाने हो. आणि परंपरा नीट पाळली गेलीये, तेही पुढे येईलच.

मग ही आत्ताची टी पार्टी कधी सुरू झाली?

२००९ च्या फेब्रुवारीत. त्याआधी १६ डिसेंबर २००७ ला, बॉस्टनच्या त्या रात्रीचा मुहूर्त साधून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असलेले रिपब्लिकन खासदार रॉन पॉल यांच्या समर्थकांनी एका दिवसात ६० लाख डॉलरच्या आसपास वर्गणी गोळा केली होती, सिॲटलला पण एक छोटं आंदोलन झालं होतं, पण ठिणगी पडली ती १९ फेब्रुवारी २००९ ला. शिकागोच्या वायदेबाजारात उभं राहून सीएनबीसी चॅनेलचे रिक सँटेली लाइव्ह टीव्हीवर भडकले. ओबामा सरकारने आदल्या दिवशी ७५ अब्ज डॉलरची एक योजना जाहीर केली होती, ज्यांचे घराचे हप्ते थकलेत किंवा थकायला आलेत त्यांना मदत म्हणून. सँटेलींनी मागे वळून ट्रेडर लोकांना विचारलं की तुमच्या शेजाऱ्याने जास्तीच्या बाथरूमवालं घर घेऊन ठेवलंय आणि आता त्याला बिलं भरता येत नाहीत, त्याचं कर्ज तुमच्यापैकी कोणाकोणाला भरायचंय? सगळे ओरडले, नाही! मग ते म्हणाले की आपण जुलैत मिशिगन लेकच्या काठावर शिकागो टी पार्टी करू. क्लिप तुफान पसरली, जुलैपर्यंत थांबायला कोणाला वेळ नव्हता, आठवड्याभरातच गावोगाव मोर्चे सुरू.

आता सीन बघा जरा. २००८ च्या सप्टेंबरात बाजार कोसळला त्याला सहा महिने पण झाले नव्हते, वॉल स्ट्रीटच्या बँका वाचवायला ७०० अब्ज डॉलरचा कायदा नुकताच झाला होता (त्यावर सही बुश यांची, ३ ऑक्टोबर २००८), आणि गरीब बिचाऱ्या जनतेचा उठाव सुरू कुठून झाला, तर वायदेबाजाराच्या मजल्यावरून. बुडत्या कंपनीला सवलत, आठवलं का बॉस्टन? त्या वेळी पेट्या समुद्रात गेल्या होत्या, या वेळी टार्गेट कोण तर शेजारच्याचं बाथरूम.

पण बँकांच्या बेलआउटवर पण राग होताच ना त्यांचा?

होता, हे कबूल करायलाच हवं. बऱ्याच लोकांचा खराखुरा होता आणि बेलआउटला मत दिलेल्या स्वतःच्याच, म्हणजे रिपब्लिकन, पक्षाच्या काही खासदारांना त्यांनी नंतर घरी बसवलं. पण मोर्चे कधी निघाले ते बघा, ऑक्टोबर २००८ ला नाही, राष्ट्राध्यक्ष बदलल्यावर निघाले. राग कुकरसारखा असतो म्हणतात, शिटी व्हायला वेळ लागतो. इथे बरोब्बर सत्तांतर झाल्यावर झाली.

बरं, मग टॅक्स नक्की किती वाढला होता?

कमी झाला होता.

नाही, सीरियसली.

सीरियसलीच सांगतोय. १७ फेब्रुवारी २००९ ला, म्हणजे सँटेली भडकायच्या दोन दिवस आधी, ओबामांनी ७८७ अब्ज डॉलरच्या पॅकेजवर सही केली होती, आणि त्यातला एक तृतीयांशाहून जास्त भाग निव्वळ टॅक्स सवलतींचा होता. नोकरी करणाऱ्या एकट्या माणसाला वर्षाला ४०० डॉलरपर्यंत सूट, नवराबायकोला मिळून ८००. काम करणाऱ्या कुटुंबांपैकी ९५ टक्के कुटुंबांना फायदा. पार्टीवाल्यांनी नावाची फोड केली होती, टॅक्स्ड एनफ ऑलरेडी, म्हणजे 'टॅक्स भरून भरून पुरे झालं', आणि ज्या वर्षी हे बोर्ड घेऊन लोक रस्त्यावर आले त्या सुमाराला केंद्र सरकारची टॅक्सची एकूण वसुली देशाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात १९५० नंतरची सगळ्यात कमी होती. ज्या पन्नासच्या दशकाचे हे लोक गोडवे गातात त्या काळात सगळ्यात वरच्या स्लॅबचा दर होता ९१ टक्के. २००९ ला होता ३५.

काहीच वाढलं नव्हतं? खरं सांगा.

वाढलं होतं. सिगारेटच्या पाकिटावरचा केंद्राचा टॅक्स ३९ सेंटवरून १ डॉलर १ सेंट झाला, तारीख १ एप्रिल २००९, पैसे लहान मुलांच्या आरोग्य विम्यासाठी. आणि ओबामांच्या आरोग्य कायद्यानंतर जुलै २०१० पासून कृत्रिम उन्हात झोपून अंग तपकिरी करून घेण्यावर १० टक्के. त्यामुळे तुम्ही रोज चार तास टॅनिंग मशीनमध्ये पडून सिगारेट ओढत असाल तर तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे, तुम्हाला झेंडा सगळ्यात पुढे धरायला देऊ.

टॅक्स कमी झाला तर लोकांना कळलं कसं नाही?

कारण तो शहाण्या लोकांनी कमी केला. म्हणजे झालं असं की बुश यांच्या वेळेला २००१ ला आणि परत २००८ ला लोकांच्या घरी पोस्टाने चेक यायचे, चेक आला की माणसाला कळतं की पैसे आले. ओबामांच्या अर्थतज्ज्ञांचं म्हणणं पडलं की एकगठ्ठा चेक आला की लोक तो बँकेत टाकून देतात, खर्च करत नाहीत, मग मंदी कशी हटणार, त्यापेक्षा पगारातून जो टॅक्स कापतात तोच थोडा थोडा कमी कापू, हातात दर वेळी चार पैसे जास्त येतील, कोणाला जाणवणार नाही आणि आपोआप खर्च होतील. अर्थशास्त्र पक्कं, राजकारण कच्चं. ठरल्याप्रमाणे कोणाला म्हणजे कोणालाच जाणवलं नाही. खिशात जास्तीचे पैसे घेऊन माणसं पैसे कापले म्हणून बोंबलत होती, आणि सरकार कोपऱ्यात उभं राहून म्हणत होतं अहो पण आम्ही तर...

माझ्या मते या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त हसण्यासारखे कोणी असतील तर ते हे हुशार लोक आहेत, पार्टीवाले दुसऱ्या नंबरवर.

ड्रेस कोड आहे का?

सक्ती नाही पण १७७३ च्या काळातली तीन कोपऱ्यांची टोपी असेल तर फोटो नक्की छापून येतो. गुडघ्यापर्यंतची विजार, पांढरे मोजे, बकलवाले बूट, हातात घंटा, असं नटून आलात तर फारच छान. टोपीच्या कडेने टीबॅग लटकवा. पावसाचा अंदाज असेल तर नका लटकवू, तोंडावर रंग उतरतो.

आणि पिवळा झेंडा हवाच. वेटोळं घालून बसलेला रॅटलस्नेक आणि खाली लिहिलेलं की मला तुडवू नका, म्हणजे आपल्या भाषेत शेपटीवर पाय देऊ नका. हा झेंडा १७७५ चा, साउथ कॅरोलायनाच्या क्रिस्टोफर गॅड्सडेन यांच्या नावाने ओळखला जातो. स्वातंत्र्याची एवढी चाड असलेले हे गृहस्थ गुलामांचाही व्यापार करायचे. झेंडा घेताना हे दुकानदार सांगत नाही.

आम्ही यांना 'टीबॅगर' म्हणालो तर चालेल का?

सुरुवातीला त्यांच्यातलेच काही जण निषेध म्हणून वॉशिंग्टनला टीबॅग पाठवण्याच्या मोहिमेबद्दल हा शब्द मोठ्या अभिमानाने वापरत होते. मग कोणीतरी त्यांना त्या शब्दाचा दुसरा अर्थ सांगितला. त्या दिवसापासून तो शिवी झाला. दुसरा अर्थ इथे लिहीत नाही, घरातल्या मोठ्यांना विचारू नका.

बोर्डवर काय लिहू?

काहीही, पण लिहिण्याआधी एकदा कोणाला तरी दाखवा. इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा करा अशी मागणी करणारा एक बोर्ड खूप गाजला, कारण त्यात 'अधिकृत' या शब्दाचंच इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं होतं.

मी रिटायर्ड आहे. मला सोशल सिक्युरिटी (म्हणजे म्हातारपणीचं पेन्शन) मिळते, दवाखान्याचं बिल मेडिकेअर (म्हणजे ज्येष्ठांचा आरोग्य विमा) भरतं. मला सरकारी खर्चाविरुद्धच्या मोर्चात घेतील का?

अहो तुमच्याशिवाय मोर्चा होणारच नाही! तुम्हीच तर गर्दी आहात.

हा प्रश्न इतक्यांदा येतो की जरा नीट उत्तर देतो. २००९ च्या उन्हाळ्यात साउथ कॅरोलायनात सिम्पसनव्हिल नावाच्या गावी बॉब इंग्लिस या खासदारांच्या सभेत एक गृहस्थ उठले आणि म्हणाले की सरकारला सांगा, माझ्या मेडिकेअरला हात लावायचा नाही. इंग्लिसनी शांतपणे समजावलं की साहेब, मेडिकेअर सरकारच चालवतं. त्यांना काही ते पटलं नाही. मेडिकेअर १९६५ पासून सरकारचीच योजना आहे, सोशल सिक्युरिटी १९३५ पासून, पण इतकी वर्षं वेळेवर पैसे आले की माणूस विसरतो कुठून येतात, नळाला पाणी येतं तसं. इंग्लिस स्वतः पक्के रिपब्लिकन, पण समजावण्याची खोड महागात पडली, पुढच्या वर्षी पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत ७१ विरुद्ध २९ टक्क्यांनी पडले.

आता हे वाचून अडाणी लोक म्हणून सोडून देऊ नका, कारण तसे ते नव्हते. एप्रिल २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि सीबीएस यांनी पाहणी केली तर पार्टीचे समर्थक निघाले सरासरीपेक्षा जास्त शिकलेले आणि जास्त पैसेवाले. त्यांना विचारलं की या वर्षी तुम्ही भरलेला इन्कम टॅक्स योग्य होता का, तर ५२ टक्के म्हणाले हो, योग्य होता. परत वाचा. 'टॅक्स भरून पुरे झालं' अशा नावाच्या चळवळीतले निम्म्याहून जास्त लोक म्हणतायत की माझा टॅक्स ठीक आहे. मेडिकेअर आणि सोशल सिक्युरिटीवरचा खर्च वर्थ आहे असं पण बहुतेकांचं मत.

म्हणजे भांडण टॅक्सशी नव्हतंच कधी. मी भरलेला टॅक्स ठीक, मला मिळतं ते माझ्या घामाचं, आणि शेजाऱ्याला मिळतं ती खैरात. आपल्या खिशातून काय गेलं यापेक्षा दुसऱ्याच्या खिशात काय पडलं यावर नजर. सँटेलींनी पहिल्याच दिवशी खरं सांगून टाकलं होतं, ते टॅक्स बोललेच नव्हते, ते बाथरूम बोलले होते.

वॉशिंग्टनला मोर्चा नेताना काय काळजी घ्यावी?

परमिट काढा. १५ एप्रिल २००९ ला, टॅक्स भरायच्या शेवटच्या तारखेला, शेकडो गावांत एकाच वेळी निदर्शनं झाली. वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउससमोरच्या बागेत ट्रकभर, म्हणजे १० लाख, टीबॅग ओतायचं ठरलं होतं. ट्रक आला, टीबॅग आल्या, आणि मग कळलं की असं ओतायला परवानगी लागते आणि ती कोणी काढलेली नाही. १७७३ चे लोक बंदरात परमिट विचारत नव्हते, पण असो, कायदा पाळणारी क्रांती होती. त्याच दिवशी कोणीतरी व्हाइट हाउसच्या कुंपणावरून एक पुडकं आत फेकलं, धावपळ झाली, परिसर बंद केला, तपासायला रोबो पाठवला. पुडक्यात टीबॅग. रोबोचा पगार कोणाच्या टॅक्समधून जातो ते तुम्हीच ठरवा.

दुसरं म्हणजे मेट्रोच्या भरवशावर राहू नका. १२ सप्टेंबर २००९ च्या मोठ्या मोर्चानंतर टेक्ससचे खासदार केव्हिन ब्रेडी यांनी मेट्रोला तक्रारीचं पत्र लिहिलं, की आमच्या लोकांसाठी पुरेशा गाड्या सोडल्या नाहीत. सरकारी खर्च कमी करा म्हणून आलेल्या लोकांना घेऊन जायला सरकारी ट्रेन कमी पडल्या, याबद्दल नाराजी.

तिसरं, जुना फोटो वापरू नका. त्या मोर्चाला वीस लाख लोक होते म्हणून फिरलेला एक फोटो पुढे पकडला गेला, कारण त्यात अमेरिकन इंडियन म्युझियमची इमारतच नव्हती आणि ती २००४ लाच उघडली होती. फायर डिपार्टमेंटचा अंदाज साठ पंच्याहत्तर हजारांचा, जो पण काही कमी नाही हो, त्यात समाधान मानायला काय हरकत होती.

आणि मोर्चात चालता चालता 'प्रतिनिधित्व नाही तर टॅक्स नाही' ही घोषणा देत असाल तर बाजूने जाणाऱ्या गाड्यांच्या नंबर प्लेट वाचा. तेव्हा तिथे नेमकं हेच लिहिलेलं असायचं, प्रतिनिधित्वाशिवाय टॅक्स. २००० साली सुरू झालं. कारण वॉशिंग्टन शहरातले सात लाखांच्या आसपास लोक केंद्राचा सगळा टॅक्स भरतात आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, मत देऊ शकेल असा त्यांचा एकही प्रतिनिधी नाही. बॉस्टनची तक्रार ज्यांना आजही शब्दशः लागू पडते ते लोक फुटपाथवर उभे राहून ज्यांचे स्वतःचे खासदार, स्वतःचे सिनेटर आहेत अशा लोकांचा मोर्चा बघत होते. त्यांच्यासाठी एक पण बोर्ड नव्हता बरं का.

पण देशाच्या संस्थापकांना टॅक्स आवडायचा नाही ना?

दुसऱ्याने लावलेला आवडायचा नाही. स्वतःचं सरकार आल्यावर १७९१ ला देशाचे पहिले अर्थमंत्री हॅमिल्टन साहेबांनी दारूवर टॅक्स लावला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या व्हिस्की गाळणाऱ्या शेतकऱ्यांनी बंड केलं, वसुलीवाल्यांना डांबर फासून पिसं चिकटवली, म्हणजे अगदी बॉस्टन स्टाइल. त्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांनी काय केलं? १७९४ ला १३ हजारांच्या आसपास फौज गोळा केली आणि स्वतः घोड्यावर बसून निघाले. बंड आपोआप थंड झालं. पुढे निवृत्त झाल्यावर वॉशिंग्टननी माउंट व्हर्ननला स्वतःचीच व्हिस्कीची भट्टी टाकली, देशातल्या मोठ्या भट्ट्यांपैकी एक. त्यामुळे पुढच्या मोर्चाला वॉशिंग्टनचा वेश करणार असाल तर आधी कोणत्या बाजूला उभं राहायचं ते नीट विचारून घ्या.

इतिहास पक्का असावा लागतो का?

छे. चळवळीच्या लाडक्या खासदार मिशेल बाकमन २०११ च्या मार्चमध्ये न्यू हॅम्पशरला जाऊन म्हणाल्या की स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी तुमच्याच राज्यात सुटली. ती सुटली मॅसॅच्युसेट्समध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये अलास्काच्या माजी गव्हर्नर सेरा पेलिन यांनी बॉस्टनला सांगितलं की पॉल रिव्हिअर घंटा वाजवत ब्रिटिशांना इशारा द्यायला निघाला होता. बिचारा घोडा दामटत होता तो ब्रिटिश येतायत हे आपल्या लोकांना सांगायला.

नेता कोण आहे?

कोणी नाही, ही जनतेची चळवळ आहे, तळागाळातून आलेली.

मग खर्च कोण करतं?

तळागाळातलेच लोक, उदाहरणार्थ कोक बंधू. कॅन्ससचे चार्ल्स आणि डेव्हिड कोक, तेल, केमिकल, कागद वगैरे किरकोळ धंदे, त्यांच्या पाठबळावर उभी असलेली अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी. शिवाय फ्रीडमवर्क्स, जिचे प्रमुख होते काँग्रेसमधले रिपब्लिकन पक्षाचे माजी नेते डिक आर्मी. या दोन्ही संस्था एकाच जुन्या संस्थेची २००४ ला वाटणी होऊन झालेल्या, म्हणजे सख्ख्या बहिणी. बसगाड्या, ट्रेनिंग, भाषणाचे मुद्दे, सगळं तयार. तळागाळाला इंग्रजीत गवताची मुळं म्हणतात, म्हणून असल्या प्रकाराला तिकडे ॲस्ट्रोटर्फ म्हणतात, हे स्टेडियममध्ये अंथरतात ते प्लॅस्टिकचं गवत. खरं गवत पण होतं, खोटं कशाला बोलू, गावागावातल्या बायका स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून मीटिंगा घेत होत्या, बोर्ड रंगवत होत्या. प्लॅस्टिक मध्ये मध्ये पेरलेलं होतं.

आर्मी साहेबांनी २०१२ ला फ्रीडमवर्क्स सोडली तेव्हा ८० लाख डॉलर द्यायचं ठरलं, वर्षाला ४ लाखांच्या हप्त्याने. साधारण आयुष्यभराचं पेन्शन म्हणा ना. सरकारी नाही, त्यामुळे चालतं.

नॅशव्हिलच्या अधिवेशनाला जायचं होतं, सामान्य माणसाला परवडेल का?

फेब्रुवारी २०१० चं ते, झालं कधीच. तिकीट ५४९ डॉलर, हॉटेल वेगळं, आणि पेलिन बाईंच्या भाषणाची फी १ लाख डॉलर असल्याचं छापून आलं. त्यांनी भाषणात ओबामांची टिंगल केली की हे टेलिप्रॉम्प्टर बघून बोलतात, आणि मग प्रश्नोत्तरांत कॅमेऱ्याला दिसलं की बाईंच्या स्वतःच्या तळहातावर पेनाने मुद्दे लिहिलेत. 'बजेट कट' असं लिहून त्यातलं बजेट खोडलेलं आणि टॅक्स केलेलं. मी तर म्हणेन दहा वर्षांच्या सगळ्या भाषणांचा अर्क त्या एका तळहातावर होता, बजेट खोडा, टॅक्स लिहा.

टॅक्सवाल्यांचा एवढा तिटकारा, तर चळवळीत त्यांच्यातलं कोणीच नसेल?

वर ज्या मिशेल बाकमन आल्या, जुलै २०१० मध्ये काँग्रेसमध्ये टी पार्टी गट काढणाऱ्या, त्या आधी चारेक वर्षं वकील होत्या. कोणाच्या? केंद्र सरकारच्या टॅक्स खात्याच्या. बुडवणाऱ्यांकडून वसूल करायचं काम.

आमच्या स्थानिक टी पार्टी ग्रुपला टॅक्स माफी मिळेल का?

मिळू शकते, अर्ज करता येतो, टॅक्स खात्याकडेच. आणि ज्या कलमाखाली बहुतेक ग्रुपनी अर्ज केले ते कलम आहे 'समाजकल्याण' करणाऱ्या संस्थांसाठीचं. समाजकल्याण म्हटलं की ज्यांना अंगावर पाल पडल्यासारखं होतं त्यांनी फॉर्मवर सही करताना काय तोंड केलं असेल ते मला फार बघायचं होतं.

पण इथे टॅक्स खात्याने माती खाल्ली. नावात टी पार्टी, पेट्रियट असे शब्द असलेले अर्ज बाजूला काढून महिनोन्महिने अडवून ठेवले, नको ते प्रश्न विचारले. मे २०१३ मध्ये चौकशी अहवाल आला, माफी मागावी लागली. पुढे २०१७ च्या अहवालात निघालं की डाव्या विचाराच्या नावांचे अर्ज पण असेच अडकवले होते, म्हणजे त्रास दोन्ही बाजूंना झाला, पण तरी चूक ती चूकच. आयुष्यभर 'टॅक्सवाले आपल्या मागावर आहेत' म्हणणाऱ्या माणसाच्या मागावर खरंच टॅक्सवाले निघावेत, याहून मोठा आनंद त्याला काय देणार तुम्ही.

निवडून आल्यावर यांनी काय केलं?

२०१० च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला हाउसमध्ये (म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात) ६३ जागांचा फायदा झाला, सिनेटमध्ये रँड पॉल, मार्को रुबिओ, माइक ली आले. सगळेच नाही आले, डेलावेअरच्या क्रिस्टीन ओडॉनेल यांना जाहिरात करून सांगावं लागलं की मी चेटकीण नाहीये, आणि निवडणुकीत एकदा हे सांगायची वेळ आली की मग काय उरतं.

मग २०११ ला सरकारची कर्जाची मर्यादा वाढवू देणार नाही म्हणून अडून बसले. शेवटच्या क्षणी तडजोड झाली पण ५ ऑगस्टला स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमापन कंपनीने अमेरिकेचं रेटिंग इतिहासात पहिल्यांदा एका पायरीने खाली आणलं. सरकारच्याच हिशेब तपासनिसांनी नंतर काढलं की या ओढाताणीमुळे त्या वर्षी कर्ज महाग पडून १.३ अब्ज डॉलरचा जादा भुर्दंड बसला. काटकसरीचा खर्च.

२०१३ ला ओबामांच्या आरोग्य कायद्यावरून टेक्ससचे सिनेटर टेड क्रूझ सिनेटमध्ये २१ तास उभे राहून बोलले, मध्येच टीव्हीवर बघणाऱ्या आपल्या मुलींना झोपताना ऐकायची गोष्ट वाचून दाखवली, आणि १ ऑक्टोबरपासून १६ दिवस सरकार बंद. आठ लाखांच्या आसपास कर्मचारी घरी बसवले आणि नंतर त्या सगळ्यांना त्या दिवसांचा पगार दिला, म्हणजे काम न करता पैसे. सरकार बंद म्हणजे सरकारी स्मारकंही बंद, त्यात दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक पण. तर १३ ऑक्टोबरला तिथे मोर्चा आला, स्मारक बंद ठेवायची हिंमतच कशी होते म्हणून. मोर्चात पुढे कोण? टेड क्रूझ, माइक ली आणि सेरा पेलिन. हे मी बनवलेलं नाही, मला एवढं चांगलं सुचत नाही.

आणि ते कर्ज, तूट, नातवंडांच्या डोक्यावरचा बोजा?

हां, तो. ओबामांच्या दुसऱ्या टर्ममध्ये तूट बरीच खाली आली. मग २०१७ च्या शेवटी ट्रम्प यांनी मोठी टॅक्स कपात केली, २०१९ ची तूट ९८४ अब्ज डॉलरवर गेली, तीही मंदी नसताना. तीन कोपऱ्यांच्या टोप्या माळ्यावरून खाली आल्याच नाहीत. नातवंडं एव्हाना कमवायला लागली असतील असं समजू.

मला आता जॉइन व्हायचंय, कुठे जाऊ?

उशीर झाला. काही जण खासदार झाले, काही कन्सल्टंट झाले, बाकीच्यांनी २०१६ ला ट्रम्प यांची लाल टोपी घेतली. फ्रीडमवर्क्स पण २०२४ ला बंद झाली. पिवळा झेंडा मात्र अजून मिळतो.

निदान बॉस्टनला जाऊन पाण्यात चहा तरी टाकता येईल का?

हो, हे करता येतं! तिथे टी पार्टीचं म्युझियम आहे, २०१२ ला नव्याने उघडलं, जुन्यासारखी जहाजं पण बांधून ठेवलीत. तिकीट काढायचं, सोंग घेतलेली माणसं तुमच्याकडून घोषणा म्हणून घेतात, मग डेकवरून चहाची पेटी उचलायची आणि जोरात पाण्यात भिरकवायची. पेटीला दोर बांधलेला असतो. तुमचा फोटो काढून झाला की पेटी ओढून परत वर घेतात, मागच्या लायनीतल्या माणसासाठी.

आणि हो, तिथे टी रूम आहे. चहा मिळतो. बिलावर ७ टक्के टॅक्स.